नळीतलं आणि जित्यातलं

माझी पुरणपोळी कशी झालीय, हे आमच्या वन्सं डब्यातली पोळी खाऊन कधीच सांगत नाहीत. त्या तव्यापाशी येऊन उभ्या राहतात. पोळी फुगताना बघतात, फुटली तर कुठं फुटली ते वाकून बघतात आणि मगच घास घेतात. डब्यातल्या पोळीबद्दल विचारलं तर म्हणतात, "हे नळीतलं झालं, वहिनी. जित्यात काय होतं ते दाखवा."

कुसुमवन्सं म्हणजे माझी नणंद. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत संशोधक आहेत, आता निवृत्तीला आल्या. लग्न केलं नाही. वर्षातून एकदा, पितृपक्षात वडिलांच्या तिथीला, आमच्या गावी बेंबळीला येतात. त्यांच्या बोलण्यातली नळी काचेची, प्रयोगशाळेतली. तिच्यात दिसतं ते सगळं त्यांच्या लेखी अर्धंच खरं.

हा नियम माणसांनाही लागू. माझ्या लेकीला माकणीचं स्थळ आलं, तेव्हा मुलाचं शिक्षण, नोकरी, शेती, मी सगळं कागदावर मांडून ठेवलं होतं. वन्संनी कागद बाजूला सारला. "हे नळीतलं. याला उन्हात, गर्दीत, भुकेला असताना कुणी बघितलंय?" परत जाताना त्या वाट वाकडी करून माकणीला उतरल्या, स्टँडसमोर चहा घेत बसल्या आणि तिथूनच फोन केला. "त्याची एसटी चुकली. कंडक्टरला शिवी दिली नाही. डब्यातली भाकरी शेजारच्या म्हाताऱ्याला अर्धी दिली. द्या पोरगी." दिली. सुखात आहे.

मी कामाची बाई. उद्याची भाजी आज निवडून ठेवणारी. भारावून जायला मला सवड नसते. पण मागच्या खेपेला वन्संनी गोठ्यातलं चऱ्हाट आणून ओट्यावर ठेवलं आणि त्याचा पीळ उलगडला.

"दोन पदरांचा पीळ म्हणजे डीएनए, एवढं शाळेत शिकलाय तुम्ही. पण मधेच कुठंतरी एक पदर सुटतो, स्वतःवरच दुमडतो आणि त्याची चौपदरी गाठ होते. नळीत ही गाठ कधीच दिसली होती. जित्या पेशीत असते का, हा प्रश्न."

"मग बघायचं की," मी म्हटलं.

"तीच तर मेख आहे. गाठीला चिकटून चमकणारा रंग घालावा लागतो. रंग जास्त झाला की तोच गाठ धरून ठेवतो, प्रसंगी स्वतःच बांधतो. मग मी बघितलं काय? गाठ, का माझीच ढवळाढवळ?"

म्हणून त्या इतका थोडा रंग घालतात, की पेशीला पत्ताही लागू नये. हे जमायला त्यांची कितीतरी वर्षं गेली.

मग त्यांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावरच्या काळोखात एक ठिपका लागला, विझला. दुसरीकडे एक लागला, थांबला, विझला. "ही बांधली," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. "ही सुटली."

"हे माझ्यातही चाललंय?"

"भाकरी थापताना, झोपेत, भांडताना. सगळ्या वेळी."

मी माझ्या पिठानं भरलेल्या हाताकडं बघितलं. जन्मभर राबवलेला हात, आणि त्याच्या आत हे चाललंय याची मला खबर नव्हती. मागं दूध उतू गेलं. माझ्या घरात दूध उतू जात नाही.

हे सगळं त्यांना खरं तर आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दाखवायचं होतं. दरवर्षी त्या लॅपटॉप घेऊन आईजवळ बसायच्या आणि आत्याबाईंना नेमका जप आठवायचा. कारण जुनं होतं. मामंजी शेवटच्या आजारात असताना वन्सं दोन दिवस राहून निघाल्या. "पेशींना जेवू घालायचंय, आई." त्या हैदराबादला परतल्या आणि मागं मामंजी गेले. तेव्हापासून आत्याबाईंनी लेकीच्या कामाचं नाव काढलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तिचं काय, काचंतला संसार हाय तिचा."

यंदा पित्राच्या दिवशी सकाळी वन्सं माजघरात एकट्याच ठिपके बघत बसल्या होत्या. आत्याबाई पत्रावळी घ्यायला आल्या, मागं थबकल्या. मी गवार मोडत होते. हात थांबवला नाही, मानही वर केली नाही.

"कुणाच्या ह्या पेशी?" आत्याबाईंनी विचारलं.

वन्संनी वळून बघितलं. "एका बाईच्या. परदेशातली. आजारपणात काढल्या होत्या तिच्या अंगातनं. बाई केव्हाच गेली, पेशी वाढत राहिल्या."

"नाव काय तिचं?"

"नाव कळवत नाहीत आम्हाला. नंबर आहे."

"लेकरंबाळं?"

"माहीत नाही, आई."

आत्याबाई खाली बसल्या. पडद्यावर ठिपका लागला, विझला. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"म्हंजी जेवू घालतीस ती हिला."

"व्हय," वन्सं म्हणाल्या. हैदराबादेत इतकी वर्षं काढूनही हा शब्द त्यांच्या तोंडून असा निघाला, की मी चमकले.

"सूनबाई, एक पान वाढीव मांड." मग लेकीकडं वळून, "काय आवडतं तिला?"

पुरावा मागणाऱ्या आमच्या वन्सं. मला वाटलं, आता वाद घालतील. त्यांनी खरंच विचार केला. "गुलाबी पाण्यात ठेवतो तिला. त्यात साखर लागते. कमी पडली की मलूल होते."

आत्याबाईंनी त्या पानावर खीर वाढली. पळी पुन्हा बुडवली, पुन्हा वाढली. "कुसुम, सांजच्या गाडीनं नीघ तू," पाठमोऱ्याच म्हणाल्या. "ती तिथं उपाशी आसंल."

"ह्या वेळी दुसऱ्या बाईंना सांगून आलेय, आई. त्या बघतात तिचं." वन्सं लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "मला राहायचंय थोडे दिवस. तिकडं घरी गेलं की कुलूपच काढायचं असतं."

आत्याबाईंनी पळी ठेवली, परात पुढं ओढली, बेसनाचा डबा लेकीच्या हातात दिला.

"मग पदर खोच. भज्याचं पीठ कालीव."