चार दिव्यांची वेल

पाक दार्सोनोंनी घरातली इस्त्री फिरवून कागदावर छापलेलं सर्किट तांब्याचा थर दिलेल्या बोर्डावर उमटवलं, कागद सोलला आणि कपाळाला हात लावला. दोन रेषा तुटल्या होत्या.

हे निवृत्त विज्ञानशिक्षक, ज्यांना सगळे आदरानं 'पाक' म्हणत, स्वातंत्र्यदिनाच्या प्रश्नमंजुषेसाठी यंत्र करत होते. चार संघ, चार बटणं. ज्याचं बटण आधी, त्याचाच दिवा. गेल्या वर्षी हात आधी कुणी वर केला यावरून दोन गल्ल्यांचं बोलणं तुटलं, ते अजून जुळलं नव्हतं. यंदा भांडण होणार नाही, असा शब्द त्यांनी मोहल्लाप्रमुख गुनादींना दिला होता.

त्यांची बायको सुमिनाह, जिला तसंच आदरानं 'बू' म्हणत, बाटिक करायची. मेण लागतं तिथे कापडावर रंग चढत नाही. इथे शाई लागते तिथलं तांबं विरघळत नाही. पाकना वाटलं, काम एकच.

"एवढ्या दोन रेषा तुझ्या मेणानं जोड," शुक्रवारच्या नमाजाला निघताना ते म्हणाले. "मग बोर्ड त्या तांबं खाणाऱ्या तपकिरी पाण्यात हलवत राहा. हातमोजे घाल."

"चाळीस वर्षं दुसरं काय करतेय मी?"

ते परतले तेव्हा बोर्ड धुऊन दोरीवर चिमट्याला लटकत होता. रेषा जुळल्या होत्या. उरलेल्या जागेत ठिपके, कळ्या आणि पानं होती, सगळी तांब्याची.

"हे काय, बू?"

"जागा रिकामी होती."

"ती रिकामीच ठेवायची असते."

"तशी बाहेर पाठवली, तर लोक म्हणतील सुमिनाहचा हात आखडला."

पाकनी भिंगातून पाहिलं. ठिपके, कळ्या कुठल्याच रेषेला चिकटल्या नव्हत्या. त्यांनी घाईनं भोकं पाडली, सोल्डर केलं आणि संध्याकाळी मंडपातल्या दिव्यांना तारा जोडल्या.

पहिल्या प्रश्नाला चारही दिवे लागले. दुसऱ्यालाही चारही. पाकनी घामाघूम होऊन बोर्ड उलटला. कोपऱ्यातून केसाएवढी वेल चारही बटणांच्या रेषांना स्पर्श करत गेली होती; एक बटण दाबलं की चारही दाबल्यासारखंच. ती खरवडायला त्यांनी चाकू काढला.

गुनादींनी त्यांचं मनगट धरलं आणि ध्वनिक्षेपकावर जाहीर केलं, की चारही संघांनी एकाच क्षणी बटण दाबलंय, सबब गुण सगळ्यांना. प्रत्येक प्रश्नाला तेच झालं. शेवटी बक्षिसाच्या अंड्यांचे चार वाटे झाले, आणि दोन्ही गल्ल्यांच्या बायका एका चटईवर बसून उकडलेल्या शेंगा सोलू लागल्या.

"पुढच्या वर्षीही हेच मशीन," गुनादी कुजबुजले. "दुरुस्त करू नका, पाक."

पाकनी बायकोला वेल दाखवली. "ही कशासाठी काढलीस?"

"त्या चौघी एकमेकींना न शिवता उभ्या होत्या," ती म्हणाली. "बरं दिसत नव्हतं."

पाकनी चाकू मिटला.