म्हशीचा हिवाळा

ऋतू बदलला की सस्तन प्राण्याचे शरीर बदलते. अपवाद फक्त पीएचडीनंतरही संशोधनच करणाऱ्यांचा. त्यांना बाराही महिने एकच मोसम असतो, मुदतवाढीचा.

याच मोसमात डॉ. भुपेंद्र सानगडी गावाला आले. उत्क्रांतीच्या ओघात म्हैस दिवाळीनंतरच माजावर यायला कशी शिकली, हा त्यांचा विषय. दिवस लहान झालेले तिला कळतात, असा सिद्धान्त होता. तो जूनपर्यंत सिद्ध झाला नाही, तर शिष्यवृत्ती बंद होऊन त्यांना लाखांदूरला घरच्या बांधीत चिखलात उभे राहून धानाचा रोवणा करावा लागणार होता. (तिथे पीएचडीची अट नाही.)

म्हणून त्यांनी मे महिन्यातच हिवाळा करायचे ठरवले. गावातल्या पुष्पाबाईंचा गोठा म्हशीसकट भाड्याने घेतला, काळी ताडपत्री लावली, दोन मोठे कूलर बसवले. बाहेर शेहेचाळीस अंश, आत मार्गशीर्ष. मग म्हशीला आत बांधून ते नागपूरला एका चर्चासत्राला गेले.

गावात विज्ञानाची एवढी ओढ पूर्वी कधी दिसली नव्हती. म्हैस बुजली तर नाही, हे पाहायला पुष्पाबाईंचे यजमान जागेश्वर आत गेले ते संध्याकाळीच बाहेर आले. पाठोपाठ व्याही आले, भजनी मंडळ आले, सरपंच तर खाट घेऊनच आले.

डॉक्टर परतले तेव्हा म्हैस निंबाखाली धापा टाकत होती. बाहेर काहून बांधली, असे त्यांनी विचारले.

"तुमच्या हिवाळ्यात मानसंच मावून नाही राहिले," पुष्पाबाई म्हणाल्या, "म्हशीले कुठं ठेवू?"

डॉक्टरांना रडू आले. सगळ्यांना हाकलायला ते तावातावाने आत गेले आणि क्षणभर टेकले. त्यांना जेवायला उठवावे लागले.

त्यांनी अहवाल लिहिला: प्रायोगिक हिवाळ्यात एकोणीस प्रौढ सस्तन प्राण्यांची झोप दुप्पट झाली, भूक दीडपट वाढली आणि प्रजननाकडे स्पष्ट कल दिसला. (दोन सोयरिकी जुळल्या होत्या.) यात एक अक्षरही खोटे नव्हते.

शिष्यवृत्तीची समिती वातानुकूलित सभागृहात शाली पांघरून बसली होती. प्राणी कोणता, हे कोणी विचारले नाही. चहाचे मात्र दोनदा विचारले. तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली. म्हैस दिवाळीनंतर आपल्या वेळेवर माजावर आली, ही बाब विषयाशी संबंधित नसल्याने नोंदवली गेली नाही.

हे कूलरसमोर पडून वाचणाऱ्यांची गणना नमुन्यात झालेली आहे. बाहेर उन्हात कोण बांधलेले आहे, ते उठून पाहायची गरज नाही. समितीनेही पाहिले नव्हते.