जांभळीखालचं बाकडं

मंगळवार पेठेच्या मागच्या अंगाला जांभळीचं पटांगण म्हणून एक जागा होती. त्या जागेवर काहीही नव्हतं. मधोमध एक जांभळीचं झाड होतं, झाडाखाली एक बुटका दगड होता, संध्याकाळी गवळी तिथे म्हशी आणून उभ्या करत आणि पेठेतले लोक हातात पेला धरून नुकतंच काढलेलं फेसाळ दूध उभ्याउभ्या पीत. नियोजनाच्या भाषेत याला काहीही नसणं असं म्हणतात, आणि ही स्थिती शहराला शोभत नाही याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे.

त्या दगडावर रोज संध्याकाळी दोन बायका बसत. पटांगणाच्या अलीकडून आक्का यायच्या आणि पलीकडून शिवम्मा. आक्का पेठेतच जन्मल्या, पेठेतच दिल्या गेल्या. शिवम्मा लग्न होऊन गडहिंग्लजकडून आल्या आणि येताना निम्मं कन्नड सोबत घेऊन आल्या. दोघींचे नवरे गेले, मुलं-सुना आपापल्या कामाला लागल्या, आणि दिवसभरात मन मोकळं करून बोलायची दोघींची तेवढीच वेळ उरली होती. अडचण होती ती आक्कांच्या गुडघ्याची. दगडावर बसायला जमायचं, पण उठताना दोन गवळ्यांना धार अर्धवट टाकून आक्कांना ओढायला यावं लागे आणि म्हशी नाराज होत.

म्हणून आक्कांनी पाठ टेकता येईल असं एक बाकडं मागितलं. ही कथा त्या बाकड्याची आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवावं, कारण पुढे ते कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

मागणी गेली हंबीररावांकडे. हंबीरराव पेठेतल्या तालमीचे अध्यक्ष. त्यांच्याकडे कुठलाही प्रश्न नेला की ते आधी कृती समिती स्थापन करतात आणि मग प्रश्न काय आहे ते विचारतात. आपल्याकडे ही रीतच आहे. नळाला पाणी आलं नाही तरी समिती, जास्त आलं तरी समिती. बाकडं हा शब्द ऐकून हंबीररावांचा चेहरा पडला.

"आक्का, नुसतं बाकडं मागितलं तर पेठंची काय शोभा ऱ्हाईल?" ते म्हणाले. "त्यापेक्षा बाग मागूया की. बागंत बाकडं आपोआप येतंय."

आक्कांना ते पटलं. हलगीच्या कडकडाटात मोर्चा निघाला आणि शहर सौंदर्य व वाहनविश्रांती प्राधिकरणावर जाऊन धडकला. प्राधिकरणाने मागणी जागच्या जागी मान्य केली. त्यामुळे समितीत मोठी नाराजी पसरली, कारण दुसऱ्या टप्प्यातल्या साखळी उपोषणाचा मंडप ठरवून झाला होता. शेवटी मागणी मान्य झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ एक दिवसाचं लाक्षणिक उपोषण करून मंडप कारणी लावण्यात आला.

प्राधिकरणाचे मुख्य नियोजक धैर्यशील हे पुण्यात शिकलेले होते आणि त्याबद्दल ते कोल्हापूरला फारसा दोष देत नसत. पेठेच्या बैठकीत त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून विषय समजावून दिला. बाग झाली की लोक येणार. लोक आले की गाड्या येणार. गाड्या आल्या की त्या बागेत लागणार आणि बाग उरणार नाही. म्हणजे बाग वाचवायची तर आधी गाड्यांची सोय हवी, आणि ती जमिनीखाली हवी. खाली वाहनतळ, वर उद्यान.

आक्का म्हणाल्या की आम्ही तर चालत येतो. धैर्यशीलांनी न चिडता सांगितलं की चालत येणारा माणूस कुठे उभा करावा लागत नाही, त्यामुळे तो मोजता येत नाही, आणि जो मोजता येत नाही त्याच्यासाठी आराखडा करता येत नाही. एवढ्या सौम्यपणे आक्कांना आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते होच वाटलं.

मग नागरिकांकडून सूचना मागवल्या. कोल्हापुरात सूचना मागवणं म्हणजे काय, हे धैर्यशीलांना पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं. एका तालमीने फुटबॉलचं मैदान मागितलं. ते मिळतंय असं दिसताच दुसऱ्या तालमीने त्याहून वीतभर लांब मैदान मागितलं. कुस्तीचा हौदा आला, व्यायामाची यंत्रं आली, 'आय लव्ह जांभळीचं पटांगण' अशी उजळणारी अक्षरं आली. खवय्यांच्या शिष्टमंडळाच्या आग्रहावरून दोन कारंजी मंजूर झाली, एक तांबडं आणि एक पांढरं. गवळ्यांचाही मान राखला गेला. खऱ्या म्हशींमुळे उद्यानाच्या स्वच्छतेला बाधा येत असल्याने त्यांना बंदी झाली, पण त्यांच्या स्मरणार्थ सिमेंटची म्हैस उभी करून तिला तोटी बसवायचं ठरलं.

या सगळ्याच्या चित्रात एका कोपऱ्यात झाडाखाली बाकडं होतं आणि बाकड्यावर दोन बायका बसल्या होत्या. त्या गोऱ्यापान होत्या आणि त्यांच्या पायांत पळायचे बूट होते. आक्कांनी चित्राची प्रत मागून घेतली आणि शिवम्मांना दाखवली. बाकड्याला पाठ होती. शिवम्मांनी निरखून बघितलं आणि डावीकडची मी, असं सांगून टाकलं.

त्यानंतर खोदाई सुरू झाली. वाहनतळाच्या छतावर जांभळीची मुळं मावणार नव्हती, म्हणून झाडाला तात्पुरतं पेठ वडगावच्या रस्त्याकडेला हलवण्यात आलं. तिथे ते तात्पुरतं वाळलं. पटांगणाच्या जागी मोठा खड्डा झाला. अलीकडे आक्का आणि पलीकडे शिवम्मा. काही दिवस दोघी खड्ड्यावरून ओरडून बोलल्या. त्यामुळे आक्कांच्या सुनेबद्दल शिवम्मांचं काय मत आहे ते सगळ्या पेठेला कळलं आणि सून बरेच दिवस न बोलता चहा देत राहिली. मग खड्ड्याभोवती पत्रे लागले आणि तेही बोलणं थांबलं. वळसा घालून पलीकडे जाणं गुडघ्याला झेपणारं नव्हतं. आक्का रोज पत्र्याच्या फटीला डोळा लावून उभ्या राहायच्या. पलीकडे कधी हिरवं लुगडं दिसायचं, कधी नाही. आक्कांना फार एकटं वाटू लागलं.

काम रेंगाळलं. खड्ड्यात पाणी साठलं आणि उन्हाळ्यात गवळ्यांनी पत्रे वाकवून म्हशी आत सोडल्या. भूमिगत सुविधेस उत्स्फूर्त प्रतिसाद, अशी नोंद प्राधिकरणाने आपल्या वार्षिक अहवालात केली.

अखेर उद्घाटन झालं. खाली स्वच्छ, थंडगार वाहनतळ झाला. वर हिरवळ, कारंजी आणि म्हैस झाली, बाकडं तेवढं राहून गेलं. हंबीररावांनी फीत कापली आणि दुसऱ्याच दिवसापासून पेठेतल्या सगळ्या गाड्या हिरवळीवर उभ्या राहिल्या.

यात लोकांचा काही दोष नव्हता. कोल्हापूरकराला गाडी डोळ्यांसमोर लागते. मिसळ खाताना मान वर केली की ती दिसली पाहिजे. शिवाय जो तो दोन मिनिटांसाठीच आलेला असतो. दोन मिनिटांसाठी कोण जमिनीखाली उतरणार? दोन मिनिटांसाठी कुणी गाडीला कुलूपही लावत नाही, आणि उन्हाचे दिवस असले तर एसीही चालूच ठेवतो. तांबड्या कारंज्याभोवती मोटारी लागल्या, पांढऱ्याभोवती बुलेट लागल्या, आणि सिमेंटच्या म्हशीच्या पोटाखाली कुणीतरी स्कूटर सरकवली. वाहनतळ मात्र रिकामा होता.

धैर्यशीलांनी पुन्हा अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष निर्दोष होता. जिथे वाहनं लागतात तो वाहनतळ, आणि जिथे मोकळी जागा असते ते उद्यान. त्यानुसार दोन्हींच्या पाट्या बदलण्यात आल्या. वर वाहनतळ झाला आणि उद्यान जमिनीखाली गेलं. तिथे प्लास्टिकची हिरवळ अंथरली, छताला निळा रंग देऊन त्यावर ढग काढले, आणि ध्वनिक्षेपकावर पक्षी लावले. हंबीररावांनी जपून ठेवलेली तीच फीत गाठ मारून पुन्हा कापली. चित्रात दाखवल्याप्रमाणे बाकडंही बसवलं.

बाकडं आलं हे कळताच आक्का काठी टेकत निघाल्या. जिन्याच्या तोंडाशी येऊन त्यांनी खाली बघितलं. पायऱ्या संपताना दिसत नव्हत्या. गाड्यांच्या उतारावरून जावं म्हटलं तर पहारेकऱ्याने अडवलं, कारण तो उतार फक्त वाहनांसाठी होता आणि आक्का वाहन नव्हत्या. त्या पहिल्या पायरीवर उभ्या राहून खालून येणारी चिमण्यांची चिवचिव ऐकत राहिल्या. बाकडं मिळालं होतं आणि त्यावर बसता येणार नव्हतं. आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात गाड्यांच्या गर्दीतून हिरवं लुगडं दिसलं. पत्रे निघाले होते, खड्डा झाकला गेला होता, आता मध्ये फक्त गाड्या होत्या. शिवम्मा आरसे चुकवत, बोनेटवर हात टेकत येत होत्या. आक्काही निघाल्या. बरोबर मध्यावर, जिथे पूर्वी जांभूळ होती, तिथे दोघी भेटल्या. कितीतरी दिवसांचं बोलायचं साठलं होतं आणि आक्कांचा गुडघा तर उभंही राहू देत नव्हता.

त्या जागी हंबीररावांची जीप उभी होती. हंबीरराव दोन मिनिटांत येतो म्हणून चहाला गेले होते. दाराला कुलूप नव्हतं. शिवम्मांनी मागचं दार उघडलं, हाताने सीट झटकली आणि म्हणाल्या, "बर्री आक्का, कूडरी."

या, बसा म्हटल्यावर आक्का बसल्या. सीट मऊ होती, पाठ टेकत होती, आणि उंची तर गुडघ्याचं माप घेऊन केल्यासारखी होती. एसी चालू होता. समोर म्हशीचं शेपूट दिसत होतं. दोघी बोलू लागल्या.

हंबीरराव बऱ्याच वेळाने परतले आणि स्वतःच्या जीपकडे बघत राहिले.

"आक्का, हे काय? उतरा की खाली. मला बिद्रीला जायचं हाय, कारखान्यावर मीटिंग हाय."

आक्कांनी काच बोटभर खाली घेतली.

"दोन मिन्टात उतरतो की," त्या म्हणाल्या आणि काच वर केली.

दिवेलागण झाली तरी दोघी उतरल्या नव्हत्या. हंबीरराव एसटीने बिद्रीला गेले.

ही बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही. आता संध्याकाळ झाली की पेठेतली सगळी वडीलधारी मंडळी पटांगणावर येतात आणि मिळेल त्या गाडीत बसतात. कुणी तोंडी लावायला शेंगदाणे आणतं. हंबीररावांनी याविरुद्ध कृती समिती स्थापन केली, पण तिच्या पहिल्या सभेला आलेले सदस्यही गाड्या बाहेर लावून आले होते, त्यामुळे त्यांना घरी पायी जावं लागलं. प्राधिकरणाने मात्र वस्तुस्थितीची तातडीने दखल घेतली आणि प्रवेशद्वारावर नवी पाटी लावली: ज्येष्ठ नागरिकांसाठी आसनव्यवस्था, उपलब्ध वाहनांनुसार.

तेव्हा पावणं, तुम्हीही दोन मिनिटांसाठी गाडी लावून आलाच आहात आणि इथे आरामात वाचत बसला आहात, म्हणून सांगून ठेवतो. परत जाल तेव्हा हॉर्न वाजवू नका. आक्का कालच म्हणत होत्या की तुमची मागची सीट बरी आहे, फक्त पुढच्या वेळी गाडी जरा सावलीत लावा.