पिंपातील तुटीची कैफियत

ब्रँडीचे कुळ मोठे, परंतु मूळ साधे. द्राक्षे चिरडली, रस आंबला, त्याची वाइन जाहली. ती तांब्याच्या हंड्यात घालून खाली मंद आच दिली, तों मद्यार्क पाण्याआधीच निसटून वाफरूपे वर चढला आणि थंड नळीत सापडताच थेंब थेंब शरण आला. आघाडीचे थेंब जहाल, पिछाडीचे बेचव, म्हणून दोन्ही फौजा बाजूस काढून मधली खाशी मंडळी राखावी, ऐसा या घराण्याचा रिवाज. परंतु ती मंडळीही पाण्यासारखी बेरंगी आणि स्वभावे तापट. मग ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे नजरकैदेत ठेवितात, तेव्हा लाकडाचा रंग चढतो, गंध येतो आणि मिजास उतरते.

ऐशा पिंपांची कोठी एकतीस वर्षे पिंपकाकांचे हवाली होती. काका नाकाचे धनी. नुसत्या वासावरून पिंपाचे वय सांगत. प्राशन मात्र चहाचेच. कारखान्याच्या धनीण आक्कासाहेब, आणि त्यांचे जावईबापू नवे व्यवस्थापक. त्यांनी कारभार हाती येताच मापाची काठी घेऊन कोठीवर स्वारी केली, आणि बारा वर्षांच्या पिंपाचे बूच काढून मोजले, तों साडेदहा बोटे तूट. दुसरे मोजले, तेथेही तितकीच. मग क्रोध अनावर होऊन फर्मान सुटले की, काकांनी सोमवारी किल्ल्या जमा करून घरी बसावे.

काका म्हणाले, "मी नाही हो प्यालो."

"मग काय भिंती प्याल्या?" जावईबापू म्हणाले, आणि ते वाक्य जेवणाच्या सुटीपर्यंत सर्व कारखान्यात पोहोचले. नोकरी जाण्याचे दुःख होतेच, परंतु चोर म्हणून जाणे काकांचे जिव्हारी लागले. दोन दिवस चहाही गोड लागला नाही.

सोमवारी आक्कासाहेबांचे हुजुरात उभय पक्ष जमले. काकांची पुतणी तेथेच प्रयोगशाळेत कामास होती, ती काकांचे बाजूने उभी राहिली आणि म्हणाली, "आक्का, लाकूड श्वास घेतं. वर्षाला शंभरातले दोन भाग हवेत जातात. पिंप आडवं आणि वर निमुळतं, म्हणून पहिली बोटं भराभर उतरतात. आणि भिंतींचं म्हणाल, तर थोडं त्यांच्याही वाट्याला येतं. कोठीच्या भिंतीवर ती काळी बुरशी आहे ना, ती त्या वाफेवरच जगते."

"वा! हवा चोर, बुरशी साथीदार, आणि काका तेवढे साव," जावईबापू उद्गारले.

"तर मग काकांचा हातच लागला नाही, असं एखादं पिंप मोजू या."

"माझं मोजा की," जावईबापूंनी छाती काढून आव्हान स्वीकारले. ते पिंप त्यांच्या लग्नाचे दिवशी भरलेले, सहा वर्षे त्यांच्याच खोलीत, बुचावर त्यांचीच लाखेची मोहोर आणि खोलीची किल्ली रात्रंदिवस त्यांच्याच गळ्यात. मग सर्व लष्कर त्या खोलीत दाखल जाहले, मोहोर फुटली, काठी उतरली आणि वर आली. साडेसहा बोटे कोरडी.

जावईबापूंनी काठी पुसून पुन्हा बुडविली. काठीने जबानी बदलली नाही. काका अदबीने आपल्या चपलांकडे पाहत राहिले.

आक्कासाहेब सौम्यपणे म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या खोलीतल्या भिंतींना बरीच सवय लागलेली दिसते."

मग तहनामा ठरला. दर साल शंभरी दोन भाग हवेस इनाम. त्याबद्दल कोणा माणसास जाब पुसू नये. काकांच्या किल्ल्या जावईबापूंनी स्वहस्ते परत द्याव्या आणि चहा सांगावा. किल्ल्या घेऊन काका निघाले, तों आक्कासाहेबांनी थांबवून जावईबापूंच्या पिंपाविषयी त्यांचा अभिप्राय पुसला. काकांनी बुचाजवळ नाक नेले, डोळे मिटले आणि म्हणाले, "घराणं चांगलं आहे. पण अजून तिखट आहे. आणखी सहा वर्षं मुरू द्या."

"दोघांनाही," आक्कासाहेब म्हणाल्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. किल्ल्या काकांचे कमरेस आहेत; पिंप व जावईबापू एकाच खोलीत मुरत आहेत.