एकदाच चालणारी विजार

गावच्या जुन्या शिक्षिका सिर्काबाईंची चिठ्ठी सोमवारी सकाळी आली, तेव्हा ताइस्तो दुसरा कप कॉफी पीत बसला होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, की तळ्याकाठच्या सौनाशेजारी, गावच्या वाफेच्या न्हाणीघराला लागून, बर्फाच्या भाराने कललेली स्प्रूसची पाच झाडं शनिवारी श्रमदानाने पाडायची आहेत, म्हणजे जूनअखेरच्या युहान्नुसच्या सणाला सगळ्यांना निर्धास्त सौना घेता येईल. विम्याच्या नव्या नियमाप्रमाणे करवत धरणाऱ्याच्या पायांत संरक्षक विजार आणि डोक्यावर धड हेल्मेट पाहिजे. ज्यांच्याकडे हे नसेल, त्यांनी सॉसेज भाजायला यावं.

शेवटची ओळ ताइस्तोने तीनदा वाचली. अकरा घरांच्या त्या गावात साखळीची करवत चालवावी तर ताइस्तोने, आणि तो आजारी असेल तर शेजारच्या वेइयोने, असा चाळीस वर्षांचा रिवाज होता. या चाळीस वर्षांत ताइस्तोच्या पायांत जुनी कॉर्डरॉयची पँट आणि डोक्यावर लोकरी टोपी असायची.

"हेल्मेट आहे की आपल्याकडे," तो म्हणाला.

"त्यात धोबी पक्ष्याने घरटं केलंय," त्याची बायको काइसू म्हणाली. ती दाराशी बसून त्याच्या करवतीच्या साखळीला कानस मारत होती. तिचे वडील लाकूडतोड्यांच्या तळावर होते, त्यामुळे घरात साखळीला धार लावायची ती तिनेच. "आणि पक्षी नसता, तरी ते अठ्ठ्याऐंशी सालचं आहे. उन्हाने प्लास्टिक कुजतं. चल, रेइनोच्या दुकानात जाऊ."

"सॉसेज भाजायला मी जाणार नाही," ताइस्तो म्हणाला.

"म्हणून तर चल म्हणतेय."

आमच्या सावो भागात कुणी सरळ 'हो' म्हणालं, तर तो माणूस बाहेरगावचा किंवा जरा उद्धट समजला जातो. ऐकणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर अर्थ लावायचा असतो. रेइनो या बाबतीत सावोचा शिरोमणी होता. खिळे, खत आणि आईस्क्रीम एकाच गल्ल्यावर विकत त्याने तीस वर्षं काढली होती, पण एखाद्या वस्तूबद्दल ती चांगली आहे असं त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

दुकानातल्या विजारींवर पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग लिहिलेले होते. ताइस्तोने बाहेरच्या खिशांना हात लावून पाहिला आणि विचारलं, "पहिला वर्ग सगळ्यात भारी असेल ना?"

"पहिला तो पहिलाच," रेइनो म्हणाला. "तिसरा मग तिसरा."

"उलटं आहे," काइसूने लेबल वाचून सांगितलं. "साखळी जितकी जोरात फिरते, तितका वरचा आकडा. आपल्या करवतीला पहिला पुरतो. आणि तुला पुढूनच अस्तर असलेली घे. चहूबाजूंनी असलेली घालशील तर जूनमध्ये शिजशील. आता खाली बस."

"इथे?"

"गुडघ्यावर बस. पाय वाकवल्यावर अस्तर गुडघ्याच्या वर सरकता कामा नये."

आईस्क्रीमच्या फ्रीजसमोर ताइस्तो एकेक करून सहा विजारी घालून सहा वेळा गुडघ्यावर बसला. सहावी बसली. हेल्मेटच्या बाबतीत मात्र त्याला वेळ लागला नाही. नारिंगी हेल्मेटच्या मागची कळ फिरवून त्याने ते डोक्याला घट्ट केलं, तोंडावर जाळी ओढली, कानांवर वाट्या दाबल्या, आणि अचानक जगात शांतता पसरली. काइसूचे ओठ हलताना दिसत होते.

"हेच घेऊ," तो मोठ्याने म्हणाला.

पैसे देताना त्याने विजारीची मांडी चिमटीत धरली. आत मऊ गादीसारखं काहीतरी होतं. लोखंडाचा पत्रा नाही, चामडं नाही. "रेइनो, नुसत्या कापडाने साखळी थांबते?"

रेइनोने बराच विचार केला. "एकदा थांबते, असं म्हणतात."

ताइस्तोला त्या 'म्हणतात'ने पछाडलं. तो स्वभावाने चौकस. लहानपणी त्याने आजीचं घड्याळ उघडलं होतं, लग्नानंतर सासऱ्यांचा रेडिओ. ज्या गोष्टीवर मांडी सोपवायची, ती निव्वळ ऐकीव माहितीवर घ्यायची हे त्याच्या बुद्धीला पटेना. मंगळवारी काइसू फिरत्या वाचनालयाच्या बसकडे गेल्यावर त्याने बर्चचा एक जाड ओंडका सरपणाच्या खोपीमागे नेला, त्याला नवी विजार चढवली, पट्टे बांधले आणि करवत सुरू केली.

साखळी कापडाला लागली आणि करवत गप्प झाली. किंचाळणं नाही, धूर नाही. विजारीतून पांढऱ्या लांब धाग्यांचे झुपके बाहेर आले होते आणि त्यांनी साखळी फिरवणाऱ्या चाकाला गच्च वेढून टाकलं होतं. ताइस्तोने विजार काढून पाहिली. ओंडक्यावर ओरखडासुद्धा नव्हता. त्याला इतका आनंद झाला, की कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना.

कुंपणापलीकडे वेइयो होताच.

"कुणाची पँट फाडलीस?" वेइयोने विचारलं.

"फाडली नाही. तपासली. बघ, जागच्या जागी थांबली करवत."

वेइयो कुंपण ओलांडून आला आणि त्याने धाग्यांकडे पाहून नाक मुरडलं. "थांबणारच. तुझ्या साखळीला धार कुठे आहे?"

"धार काइसूची आहे," ताइस्तो जरा कडक आवाजात म्हणाला.

"मग काइसूची नजर अधू झाली असेल. माझ्या करवतीपुढे हे भुसकट टिकायचं नाही."

"तुझी करवत आण. तुझी पँटपण आण."

वेइयोने शहरात जाऊन चहूबाजूंनी अस्तर असलेली, दुसऱ्या वर्गाची, हिरवी विजार कालच आणली होती आणि गावभर दाखवली होती. त्याने ती ओंडक्याला चढवली, ताइस्तोच्या करवतीहून भारी अशी आपली करवत सुरू केली आणि दात खाऊन खाली दाबली. करवत थांबली.

"मागूनही थांबते का, बघू या," वेइयो म्हणाला. आता त्याचाही स्वर बदलला होता. तो ताइस्तोइतकाच चौकस निघाला, आणि त्यांची चाळीस वर्षांची शेजारकी त्या क्षणी जितकी घट्ट झाली तितकी पूर्वी कधीच नव्हती. त्यांनी वेइयोच्या करवतीच्या चाकातले धागे चिमट्याने उपसून मागून तपासलं. मागूनही थांबली.

मग ताइस्तोने खिशातला विजारीचा कागद काढला. या विजारीची रचना कुणी केली, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: अस्तराला एकदा साखळी लागली की विजार टाकून द्यावी. शिवू नये, पुन्हा वापरू नये.

"एकदा थांबते," ताइस्तो सावकाश म्हणाला. "रेइनो हेच सांगत होता."

"मग नीट सांगायचं ना," वेइयो म्हणाला, तोही सावोचाच असून.

बुधवारी सकाळी रेइनोच्या दारात ते दोघे एकमेकांना न सांगता भेटले. ताइस्तो खिळे घ्यायला आला होता, वेइयोही खिळेच घ्यायला आला होता.

"करवतीच्या पँट आहेत का अजून?" ताइस्तोने सहज विचारावं तसं विचारलं.

"आहेत म्हणजे," रेइनो म्हणाला, "एक आहे. बाकीच्या खपल्या, नव्या युहान्नुसनंतर."

"ती मला," ताइस्तो म्हणाला. माप विचारायला सवड नव्हती, कारण वेइयोने तोंड उघडलं होतं.

ती विजार ताइस्तोने घरच्या सौनात, बाकाखाली लपवली. दुपारी दार लावून त्याने ती चढवायचा प्रयत्न केला, तेव्हा ती गुडघ्यापर्यंत आली आणि तिथेच राहायचं तिने ठरवलं. त्याने पोट आत घेतलं, पण अडचण पोटाची नव्हती. लेबलवर चव्वेचाळीस होतं, त्याचं माप छप्पन्न. कुंपणावरून वेइयोला बोलावून पाहिलं, पण वेइयोच्या तर पोटऱ्याच आत जाईनात. शनिवारला तीन दिवस होते, आणि ताइस्तोच्या डोळ्यांसमोर सॉसेज दिसायला लागली. सगळं गाव पाहणार, आणि तो झाडांना पाठ करून चिमटा घेऊन उभा.

गुरुवारी काइसूने साखळी बदलायला करवतीचं झाकण उघडलं आणि आतून हातभर पांढरा धागा ओढून काढला. मग आणखी एक. मग मूठभर.

"ताइस्तो," ती म्हणाली, "ह्या करवतीने तू मेंढी कापलीस का?"

"मेंढी असं नाही म्हणता येणार."

"मग काय म्हणता येईल?"

ताइस्तोने आधी हवेबद्दल सांगून पाहिलं, नंतर वेइयोबद्दल, आणि शेवटी खोपीमागे नेऊन ओंडका दाखवला. काइसूने फाटलेली विजार हातात घेतली. चिडण्याऐवजी तिने धाग्यांची लांबी बोटांनी मोजली. "माझ्या साखळीने किती थर कापले?"

"तीन. वेइयोच्या साखळीने दोनच कापले."

"हं," काइसू म्हणाली. ती खूश झाली होती, पण तसं दाखवलं नाही. "आणि दुसरी कुठाय?"

"दुसरी कुठली?"

"रेइनोने फोन केला होता. म्हणाला, ताइस्तो बारीक झालाय, असंही म्हणता येईल."

ताइस्तोने आणून दिलेली बाकाखालची विजार काइसूने उजेडात धरली, लेबल पाहिलं आणि ती घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा विजार तिच्या पायांत होती, पट्टे खांद्यांवर होते. ती अंगणाच्या मध्यभागी गुडघ्यावर बसली. अस्तर जागचं हललं नाही. "हेल्मेट दे," ती म्हणाली. ताइस्तोने दिलं, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना.

शनिवारी सिर्काबाई काठी टेकत तळ्याकाठी उभ्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंनी गावातल्या सगळ्यांना पाढे शिकवले होते, त्यामुळे त्यांच्या यादीशी कुणी वाद घालत नसे.

"ताइस्तो, पँट?"

"होती, बाई."

"वेइयो?"

"माझीपण होती."

"म्हणजे तुम्ही दोघं सॉसेज," बाईंनी टिपून घेतलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "काइसू, तू तयार दिसतेस."

काइसूने पहिल्या झाडाभोवती फेरी मारली, वर पाहिलं, सौनापासून दूर एका बुंध्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना मागे सरायला लावलं. तिने खाच घेतली, मागून कापलं, पाचर ठोकली. झाड बोट दाखवलेल्या जागी पडलं. बाकीची चारही तशीच, एकावर एक न पडता, रांगेत. ताइस्तोने चाळीस वर्षांत इतकं नीट काम केलं नव्हतं, आणि हे त्याला मनात कबूल करावं लागलं. आधी त्याला लाज वाटली. तिसऱ्या झाडापाशी ती लाज कुठे गेली, कळलं नाही, आणि तो शेजारच्या वेइयोला म्हणाला, "बघितलीस धार?" वेइयो सॉसेज उलटत राहिला.

काइसू कॉफीसाठी आली. चेहऱ्याला भुसा, डोक्यावर नारिंगी हेल्मेट, कानांवर वाट्या. ताइस्तो तिच्याकडे पाहत राहिला. घड्याळात काय असतं, रेडिओत काय असतं, विजारीत काय असतं, हे सगळं त्याने उघडून पाहिलं होतं. रोज सकाळी दाराशी बसून साखळीला धार लावणाऱ्या बाईला मात्र एक साधी गोष्ट त्याने कधी विचारली नव्हती.

"काइसू, तुला झाडं पाडायला आवडतं का?"

तिला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. तिने हाताने काय म्हणून खूण केली. तिसऱ्यांदा तो इतक्या मोठ्याने ओरडला, की तळ्याकाठची सगळी माणसं गप्प होऊन उत्तराची वाट पाहायला लागली.

काइसूने एका कानावरची वाटी वर उचलली.

"हो," ती म्हणाली.

कुणाच्या हातातला कप खाली आला नाही. सिर्काबाईंनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. काइसूने वाटी परत कानावर बसवली, कॉफी घेतली आणि फांद्या छाटायला निघून गेली.

"सॉसेज जळतायत तुझी," थोड्या वेळाने वेइयो म्हणाला.

"असतीलही," ताइस्तो म्हणाला, आणि तिच्याकडेच बघत राहिला.