सहा टनांचं लाकूडफोडं यंत्र

गुडगावच्या नव्या बंगलीत फायरप्लेस बांधून घ्यायचं नवऱ्यानं, म्हणजे उल्हासनं, ठरवलं, तेव्हाच अहिल्येनं त्याच्या अकलेला कोपरापासून हात जोडले होते. बिल्डरच्या नमुना घरात फायरप्लेस होती, एवढंच कारण. तसं पाहिलं तर त्या नमुना घरात प्लॅस्टिकची केळीही होती.

आता रविवारी जॉइंट सेक्रेटरी नेगी सपत्नीक चहाला येणार होते. उल्हासच्या परदेशी पोस्टिंगची फाइल त्यांच्याच टेबलावर होती. जानेवारीचा गारठा, समोर धगधगती शेकोटी आणि साहेब खूश, असा उल्हासचा बेत. वखारीतून बाभळीचे ओंडके आले. ते इतके जाड, की एकही फायरप्लेसमध्ये शिरेना.

दुसरा कुणी असता तर फोडून मोकळा झाला असता. उल्हास देवस्थळी पडला केंद्र सरकारात अवर सचिव. त्यानं तौलनिक तक्ता केला.

"पाचर आणि घण?" अहिल्येनं विचारलं.

"फार वेळखाऊ."

"पेट्रोलचं यंत्र?"

"आवाज होतो. कॉलनीत ऑब्जेक्शन येईल."

"आणि साधी कुऱ्हाड?"

"अगं, आपण काय लाकूडतोडे आहोत? विजेचं हायड्रॉलिक घ्यायचं. सहा टन प्रेशर! बटण दाबलं की बिल्कुल दोन तुकडे."

"अहो, इथं मिक्सर चालेल एवढी वीज टिकत नाही."

"तू ना यार, फार निगेटिव्ह बोलतेस!"

रविवारी दुपारी अंगणात यंत्र बसलं. उल्हासनं सफारी सूट घालूनच बटण दाबलं. यंत्र घुरघुरलं, पातं पुढे सरकलं आणि ओंडक्यात चार बोटं रुतलं. तिथं नेमकी गाठ होती. यंत्र कण्हू लागलं. त्याच क्षणी कॉलनीची वीज गेली.

ओंडका पुढे जाईना की मागे येईना. उल्हासनं यंत्रावर पाय देऊन तो उपसायचा प्रयत्न केला. ओंडका हलला नाही, यंत्रच कलंडलं. आतलं काळं तेल त्याच्या विजारीवर भळाभळा सांडलं.

"झालं प्रेशर?" अहिल्या म्हणाली.

तेवढ्यात फाटकापाशी पांढरी ॲम्बॅसॅडर थांबली. उल्हास कपडे बदलायला धूम पळाला. नेगीसाहेबांनी यंत्राभोवती एक फेरी मारली, "हॉर्सपॉवर कम है," असा शेरा दिला आणि ते आत गेले. मिसेस नेगी मात्र रेशमी साडी सावरत उरलेल्या ओंडक्यांपाशी उकिडव्या बसल्या.

"कुल्हाड़ी नहीं है?"

अहिल्येनं शंकर माळ्याची कुऱ्हाड आणून दिली. बाईंनी शाल काढली, पदर खोचला, ओंडका उभा केला. "देखो, गाँठ पर नहीं मारते. जहाँ दरार हो, वहाँ," असं म्हणून त्यांनी घाव घातला. खाडकन दोन फाळके झाले. गढवालात लग्नाआधी रोजचंच काम होतं हे, असं त्यांनी दम न लागता सांगितलं.

"अब आप."

अहिल्येचा पहिला घाव जमिनीत गेला, दुसरा सालीवरून घसरला. तिसऱ्याला ओंडका कडाडून फुटला. तो आवाज तिला इतका आवडला, की कुणी सांगण्याआधीच तिनं पुढचा उभा केला.

पाऊण तास दोघी आळीपाळीनं घाव घालत होत्या. आत थंडगार फायरप्लेससमोर मफलर गुंडाळून दोन अधिकारी बसले होते. शेवटी उल्हास खिडकीत आला.

"अगं, साहेब गारठलेत. पुरे झाली लाकडं, घेऊन ये."

"अहो, थांबा ना! अजून पाच ओंडके आहेत."

नेगीसाहेबांनी खिडकीतून घामानं निथळणाऱ्या बायकोकडे पाहिलं, उल्हासकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "देवस्थळी, ये पोस्टिंग अकेले की है या फॅमिली के साथ?"

"फॅमिली के साथ, सर."

"अच्छा," साहेब म्हणाले. "फिर तो आप वहाँ सर्दी से नहीं मरेंगे."