डावीकडे जरा टोचतं

जावयाने सासऱ्यांना कवळी बनवून दिली आणि ती सासऱ्यांना बसली नाही, हे एव्हाना सगळ्या गल्लीला ठाऊक झालं होतं. सांगणारे खुद्द सासरेच होते. ते निवृत्त पोस्टमास्तर. घरोघर बातमी पोचवण्याची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नव्हती. रोज सकाळी इमारतीच्या फाटकाजवळच्या बाकावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला तोंड उघडून दाखवत. "डावीकडे टोचतं. काही चावताच येत नाही. पण घरचा माणूस आहे, म्हणून मी आपला कुणाजवळ बोलत नाही."

आता जावयाचं पोटच कवळ्यांवर होतं. घराच्या मागच्या खोलीत बसून तो दातांच्या डॉक्टरांसाठी आणि शेजारपाजारच्यांसाठी कवळ्या बनवायचा. सासऱ्यांचा हा प्रचार सुरू झाल्यापासून खोलीकडे कुणी फिरकेना. समोरच्या बाई तर जबड्याचा दिलेला साचा परत मागायला आल्या. तो घरी नेऊन त्या काय करणार होत्या, ते त्यांनाच माहीत.

बिचारा रोज संध्याकाळी कानस घेऊन सासऱ्यांसमोर बसायचा. कवळी काढून हातात घ्यायचा, डावीकडे किंचित घासायचा, परत बसवायचा. तेवढ्या वेळात सासरे पोस्टातल्या गोष्टी सांगायचे. दात जावयाच्या हातात असल्यामुळे त्यातलं निम्मं त्याला कळायचं नाही, पण तो मान डोलवायचा. शेवटी सासरे तोंड वाकडं करून म्हणायचे, "नाही हो जावईबापू. टोचतंच. उद्या बघू."

मग एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की डब्यातली कडक बिस्किटं संपत चालली आहेत. त्याच्या मनात पाल चुकचुकली. म्हातारा चावतोय! पण सिद्ध कसं करणार? बिस्कीट चहात बुडवलं होतं, म्हणून मोकळे होतील. असं काहीतरी हवं होतं, जे दातांशिवाय खाता येणार नाही आणि समोर आलं की नाकारता येणार नाही. दोन दिवस विचार करून त्याने स्टेक करायचं ठरवलं. मांसाचा बोटभर जाड तुकडा चावायला, आणि मोहात पाडायला वरून लोणी, मशरूम, क्रीम आणि लाल वाइनचा घट्ट सॉस.

उभ्या आयुष्यात त्याने चहापलीकडे काही केलेलं नव्हतं. पण हात कारागिराचा होता. बिडाचं पॅन धूर येईस्तोवर तापवून त्याने तिन्ही तुकडे दोन्ही बाजूंनी खमंग भाजले आणि जेवणाच्या टेबलावर फॉइलखाली झाकून ठेवले. पाककृतींच्या पुस्तकात तसंच लिहिलं होतं: मांसाला जरा विश्रांती द्या. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत सासरेही विश्रांतीच घेत होते. पॅनच्या तळाला लागलेली तपकिरी खरवड हाच सॉसचा जीव, तिला वाइनमध्ये सोडवायचं, असंही पुस्तकात होतं. फक्त बाटलीचं बूच काही केल्या निघेना. तो बूच काढायचं यंत्र मागायला वरच्या मजल्यावर गेला.

नेमकी तेवढ्यात बायको घरी आली.

बायको विमा कंपनीत आगीचे दावे तपासायची. आग लागली की लावली, हे शोधायचं तिचं काम. आणि इतक्या वर्षांत आपोआप लागलेली आग तिने फारशी पाहिली नव्हती. दार उघडताच तिने धूर हुंगला. स्वयंपाकघरात कुणी नाही. खिडकी सताड उघडी. ओट्यावर काडेपेटी, दारूची बाटली आणि जळालेलं पॅन. आणि नवऱ्याचा ॲप्रन! ज्या माणसाला मीठ कुठे ठेवतात हे विचारावं लागतं, त्याचा ॲप्रन. 'काहीतरी जाळलंय आणि वर स्वयंपाकाचं सोंग केलंय,' तिने मनाशी नोंद केली. तिच्या पर्समध्ये नमुन्यांच्या पिशव्या आणि पत्र्याची छोटी खरवडणी कायम असायची. नवरा यंत्र घेऊन परत आला, तेव्हा पॅनचा तळ लख्ख झाला होता.

"पॅन कुणी खरवडलं?"

"मी," ती पिशवीचं तोंड बंद करत म्हणाली. "नमुना घेतलाय. काय जाळलंस?"

"अगं, काही नाही जाळलं! दे ती पिशवी. त्यात माझा सॉस आहे."

"यात?" तिने पिशवी उजेडात धरली. "हा कोळसा आहे."

"तो कोळसाच म्हणजे सॉस!"

"हे बघ, असली उत्तरं मला गोदामवाले देतात. तू आज स्वयंपाक का करतोयस?"

"सहज."

"सहज? कुठे गाडी ठोकलीस? नोकरी तर तुला नाहीच, ती जायचा प्रश्न नाही. माझ्याशी गोड वागण्यासारखं काय केलंस ते आधी सांग."

"तुझ्यासाठी नाहीच करत मी!"

हे वाक्य निसटलं आणि त्याला कळलं की आपण फार मोठी चूक केली. ती हळूच खुर्चीवर बसली. "बरं. मग कुणासाठी?" तिने ज्या शांत आवाजात विचारलं, त्या आवाजाला मोठमोठे कारखानदार घाबरायचे.

"तुझ्या बाबांसाठी!" तो घाईघाईने कुजबुजला. "म्हातारा खोटं बोलतोय. त्याला सगळं चावता येतं. आज त्याला पकडणार आहे मी. धंदा बसत चाललाय माझा, कळतंय का तुला?"

वडील खोटं बोलतात, हा आरोप बायकोला झोंबला खरा; पण प्रकरण मात्र आवडलं. तिने पिशवी पुढे केली. "पुरावा परत मिळायला हवा."

"आता ते काही तुझ्या हातात नाही," तो म्हणाला आणि त्याने सगळी पिशवी पॅनमध्ये उलटी केली. वर वाइन ओतली. चर्र आवाज झाला, लसूण पडला, मशरूम पडले, लोण्याचा गोळा विरघळला, शेवटी क्रीम गेलं. वास असा सुटला, की दोघंही क्षणभर कशावरून भांडत होतो तेच विसरली.

सॉसचं भांडं घेऊन ती दोघं जेवणाच्या खोलीत आली, तर फॉइल चुरगळलेलं. एका तुकड्याचा चांगला लचका गायब. टेबलापासून आरामखुर्चीपर्यंत रसाचे थेंब पडलेले. खुर्चीत सासरे डोळे मिटून घोरत होते, आणि शेजारी पाण्याच्या ग्लासात कवळी शांतपणे पडली होती.

"बाबा!" मुलीने हाक मारली.

"ऊं? कॉण?" सासरे बोळक्या तोंडाने म्हणाले. "मांजर आलं होतं वाटतं."

"आपल्याकडे मांजर कुठे आहे?"

"तेच म्हणतो मी. कुणाचं असेल?"

मुलीने ग्लास उचलून उजेडात धरला. पाण्यावर तुपकट थेंब तरंगत होते. तिने ग्लास नवऱ्याच्या हातात दिला. पण त्याचं लक्ष ग्लासाकडे नव्हतंच. तो स्टेकवर वाकला होता. मांसात दातांची स्वच्छ कमान उमटली होती, आणि डावीकडचा सुळा किंचित तिरका होता. दात खोटे वाटू नयेत म्हणून तो त्याने स्वतःच्या हाताने तिरका बसवला होता. त्याचे डोळे भरून आले. "काय चावलाय!" तो म्हणाला. "एका घासात! बाबा, जरासुद्धा टोचलं नाही ना?"

सासऱ्यांनी कवळी झटकून तोंडात बसवली. पकडले गेल्यावर पोस्टमास्तरी रुबाब आपोआप आला. "नाही टोचत. पहिल्या दिवसापासून नाही टोचली. हाडं चावीन मी. पुढे?"

"मग हे सगळं कशासाठी, बाबा?" मुलगी चिडून म्हणाली. "लोकांना काय काय सांगितलंत तुम्ही!"

सासऱ्यांनी सॉसचं भांडं जवळ ओढलं. "कवळी बसली असती, तर हा रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला असता का? हा त्याच्या खोलीत, तू तुझ्या आगींमध्ये. टोचतं म्हटलं की माणूस समोर येऊन बसतो. बाकी कशाने बसतो, सांग."

मुलीला वाईट वाटलं, आणि ते लपवायला ती ताटं मांडू लागली. जावयाने सासऱ्यांच्या ताटात त्यांचाच चावलेला तुकडा वाढला आणि त्यावर सॉस ओतला. सासरे चावत होते, तो आवाज ऐकत जावई जेवायचं विसरला. मुलीने पुराव्याची चव घेतली आणि भांड्यातला उरलेला सॉस पोळी नसल्यामुळे बोटाने पुसून खाल्ला.

"उद्या बाकावर सांगतो सगळ्यांना," सासरे ढेकर देत म्हणाले. "जावयाच्या हाताला तोड नाही म्हणून. समोरच्या बाईंना साचा घेऊन मी स्वतः पाठवतो."

"उपकार होतील, बाबा."

सासरे उठले, आरामखुर्चीत जाऊन बसले, आणि जरा घुटमळून त्यांनी कवळी काढून पुढे केली. "डावीकडे मात्र जरा..."

जावयाने निमूटपणे कानस आणली आणि स्टूल ओढून समोर बसला. सासरे पोस्टातली गोष्ट सांगू लागले, निम्मी कळणारी. मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. कानस वर-खाली होत होती, पण कवळीला लागत नव्हती. खाली पूडही पडत नव्हती. असा उघडउघड खोटा दावा तिच्या नजरेतून आजवर कधी सुटला नव्हता. तिने त्याच्याकडे पाठ फिरवली आणि पॅन घासायला घेतलं.